झोळी आणि पाणपोई

‘या ओव्या काळ्यांच्या नाहीत,’ डॉ. परचुरे म्हणाले आणि हस्तलिखिताचा गठ्ठा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला.

मी तेव्हा सांगलीत नाना शिरगावकरांच्या प्रकाशनसंस्थेत संपादनाचं काम करत होते. कवितेचं कुठलंही हस्तलिखित आलं की नाना ते आधी परचुऱ्यांकडे पाठवत. छंद आणि यमक या विषयांत परचुऱ्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. माणूस तिरसट होता, पण लबाड नव्हता. वाईट कवितेला त्यांनी कधी बरी म्हटलं नाही आणि चांगलीला वाईटही म्हटलं नाही.

प्रा. प्रल्हाद काळे मिरजेच्या एका कॉलेजात मराठी शिकवत. त्यांचा हा पहिलाच संग्रह. त्यात सुनीतं होती, गझला होत्या आणि शेवटी ओव्यांचा एक भाग होता. तो भाग वाचताना नानांचे डोळे भरून आले होते. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं, मी पाहिलं होतं.

‘कशावरून नाहीत?’ नानांनी आतल्या खोलीतून बाहेर येत विचारलं.

‘यमकावरून.’ परचुऱ्यांनी चष्मा पुसला. ‘त्याची सुनीतं बघा. चौदा ओळी, यमकांची वीण कुठे उसवलेली दिसणार नाही. गझला बघा. गेल्या वर्षी एका स्पर्धेत माझ्या एका विद्यार्थ्याची गझल याच गृहस्थाने नापास केली होती. “दिवा” आणि “हवा” हे काफिये चालणार नाहीत म्हणाला. शेवटचं “वा” जुळतं, पण त्याआधीचा स्वर जुळत नाही. एकात इ, दुसऱ्यात अ. बरोबरच होतं त्याचं. मी काही बोललो नाही. आता हा इतक्या बारीक कानाचा माणूस ओवी कशी लिहितो ते वाचा. वृंदा, मोठ्यानं वाच.’

मी वाचलं.

लिंबाच्या फांदीला, टांगली मी झोळी
धुऱ्याच्या वाटेला, नाही पाणपोई
लेकराच्या हाती, दिली आंब्याची कोयी
निज राजा

‘ओवीचे पहिले तीन चरण यमकात हवेत. चौथा आखूड आणि मोकळा,’ परचुरे म्हणाले. ‘शाळेतल्या पोराला हे ठाऊक असतं. इथे पाणपोई आणि कोयी जुळतात. झोळी कुठे जुळते? पुढची घे.’

कापूस वेचता, दिवस झाला काळा
ओटीत दाटली, दुधाची गं माया
उन्हाने करपली, बाईची ही काया
घरी चला

‘माया, काया. आणि काळा. हे असं प्रत्येक पानावर आहे. दिवा-हवा ज्याला खुपतं, त्याला हे ऐकू येत नाही? ज्याने या ओव्या रचल्या तो काळे नव्हे. काळ्यांनी उतरवून घेतल्या, आणि उतरवताना काहीतरी बिघडलं.’

नाना खुर्चीत बसले. ‘कुणाच्या उतरवल्या असतील?’

‘ते शोधायचं काम तुमचं. पण एक सांगतो. दोन वर्षांपूर्वी नागपूरला चर्चासत्र होतं. काळ्यांनी कॉलेजातून त्याच्या नावानं रजा घेतली होती. मी त्या चर्चासत्रात होतो. काळे नव्हते. परत आल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, मागे बसलो होतो. तिथे “मागे” असं काही नव्हतंच. एका टेबलाभोवतीची सभा होती.’

ते गेल्यावर नाना म्हणाले, ‘काळ्यांना बोलावून घे. काही बोलू नकोस. फक्त वाचायला सांग.’

काळे सर दुसऱ्याच आठवड्यात आले. पन्नाशीच्या आतबाहेरचे, सडसडीत, इस्त्रीचा सदरा. त्यांचं मराठी म्हणजे आकाशवाणीच्या बातम्या. प्रत्येक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं. तुम्ही मूळचे कुठले, असं नानांनी सहज विचारलं तर म्हणाले, ‘पुण्याचाच म्हणा. आईवडील लवकर गेले. वसतिगृहात वाढलो.’

नानांनी त्यांना काही कविता म्हणून दाखवायला सांगितलं. सरांनी दोन सुनीतं म्हटली, एक गझल म्हटली. गझल म्हणताना काफिया येण्याआधी किंचित थांबत, म्हणजे ऐकणारा तो शब्द मनात शोधू लागे, आणि मग तो शब्द अलगद ठेवत. मजा येत होती.

‘आता एखादी ओवी,’ नाना म्हणाले.

सरांनी पानं नीट केली. ‘ओव्या छापायच्या. म्हणायच्या नाहीत.’

‘अहो, ओवी तर म्हणायचीच असते.’

‘माझा गळा तसा नाही.’

‘गाऊ नका हो, नुसती वाचा.’

‘नको,’ सर म्हणाले. तो ‘नको’ इतका पटकन आला की नाना माझ्याकडे पाहू लागले. मी हस्तलिखितातलं ते पान उलगडलं आणि विचारलं, ‘सर, इथे झोळीला पाणपोई आहे. यमक सुटलंय का?’

त्यांनी पानाकडे पाहिलंच नाही. ‘सुटलं असेल. तसं असेल तर तो भाग काढून टाका. पूर्ण भाग काढा.’

‘दुरुस्त नाही करता येणार?’

‘नाही,’ ते उठत म्हणाले. ‘ते दुरुस्त होण्यातलं नाही.’

ते जिना उतरून गेल्यावर नाना म्हणाले, ‘स्वतःचं पोर कुणी असं टाकून देतं का? परचुऱ्यांचं खरं दिसतंय.’

मलाही तसंच वाटत होतं. तरी त्या ओव्यांमधला एक शब्द मला सारखा अडत होता. धुरा. शेताच्या बांधाला आमच्या सांगलीत कुणी धुरा म्हणत नाही. पण मी तो शब्द ऐकलेला होता. वडील वनखात्यात होते आणि माझी शाळेची पहिली वर्षं दारव्ह्याला गेली, यवतमाळच्या बाजूला. तिथे आमच्या शेजारच्या बाई ‘धुऱ्यावर बसली व्हती’ असं म्हणत. त्या बाईंचं बोलणं आठवायला लागले आणि स्वयंपाक करता करता, पोळी लाटताना, मला त्यांची हाक ऐकू आली. त्या पोळीला पोयी म्हणायच्या. डोळ्याला डोया. शाळेला शाया. ळ त्यांच्या तोंडात नव्हताच, त्या जागी य यायचा.

मी लाटणं ठेवलं आणि ओवी तशी म्हणून पाहिली. झोयी, पाणपोई, कोयी. दुसरी म्हटली. दिवस झाला काया, दुधाची माया, बाईची काया. एकही चरण सुटलेला नव्हता. मोडलेलं यमक सगळं जागच्या जागी जुळलं. उलट दुसऱ्या ओवीत तर काळा आणि देह अशा दोन अर्थांचा एकच शब्द आला होता. असं काही करायला कान लागतो.

सकाळी मी ते नानांना सांगितलं. परचुरे तिथेच होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि टेबलावर बोट वाजवलं.

‘उत्तम काम केलंस. म्हणजे आता संशय उरला नाही. या ओव्या वऱ्हाडातल्या कुणा बाईच्या आहेत. रजा नागपूरच्या नावानं घेतली, तिकडे जाऊन ऐकल्या, पुण्याच्या शुद्धलेखनात लिहून काढल्या. लिहिताना ळ घातला आणि चोरी उघडी पडली. मी यावर लेख लिहिणार.’

मी शोधलेली गोष्टच काळे सरांच्या विरुद्ध गेली होती. मला ते बरं वाटलं नाही, पण खोडताही येईना. ‘लेखाआधी मी एकदा त्यांच्याशी बोलते,’ मी म्हणाले. ‘त्या बाईचं नाव तरी कळेल. पुस्तकात तिचं नाव यायला हवं.’

‘बोल,’ परचुरे म्हणाले. ‘पण तो सांगणार नाही.’

मिरजेला काळे सर एका छोट्या बंगलीत राहत. दुपारची वेळ होती. दार त्यांच्या पत्नीनं, शरयूताईंनी उघडलं. त्या शाळेत शिक्षिका होत्या, सुट्टी असल्यानं घरी होत्या. सर पुढच्या खोलीत पेपर तपासत होते. मला पाहून त्यांनी पेन बंद केलं.

‘चहा टाकते,’ म्हणून ताई आत गेल्या.

मी आडवळण घेतलं नाही. ‘सर, त्या ओव्या कुणाच्या आहेत?’

‘काढून टाका असं सांगितलंय मी.’

‘परचुरे सर लेख लिहिणार आहेत. तुम्ही वऱ्हाडात जाऊन कुणा बाईकडून ओव्या घेतल्या, असं.’

‘वऱ्हाडात?’ ते सावध झाले. ‘वऱ्हाड कुठून आलं?’

‘यमकातून. झोळी नाही ते. झोयी आहे. काया, माया, काया.’ मी शेजारच्या बाईंसारखा उच्चार करून म्हटलं. माझ्या तोंडून ते जेमतेमच आलं असेल. पण सरांचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांच्या पाठीमागून हाक मारली होती. त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला.

‘हळू बोला. शरयूला माहीत नाही.’

‘काय माहीत नाही?’

आत कपबशा वाजत होत्या. मला वाटलं, आता ते एखाद्या बाईचं नाव सांगणार, आणि ते मला ऐकायचं नव्हतं.

‘कुणाच्या आहेत त्या ओव्या, सर? तुमच्या आईच्या?’ मी का तसं विचारलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. कदाचित झोळीमुळे असेल.

‘आई गात नव्हती,’ ते म्हणाले. ‘तिला गायला वेळ कुठे होता? दिवसभर लोकांच्या शेतात. घरी आली की चूल. मी तिच्या तोंडून एक ओळ कधी ऐकली नाही.’

‘पण तुमचे आईवडील लवकर गेले ना?’

‘बाप गेला. आई दोन वर्षांपूर्वी गेली.’ ते हाताचे पंजे गुडघ्यांवर घासत राहिले. ‘नागपूरच्या चर्चासत्राला मी गेलोच नव्हतो. परचुऱ्यांना ते तेव्हाच कळलं होतं. मी गावी होतो, दारव्ह्याच्या पलीकडे. तिला अग्नी दिला आणि पाचव्या दिवशी कॉलेजात येऊन शिकवायला लागलो. केस काढले नाहीत. काढले असते तर घरी विचारलं असतं.’

‘आई होती हे कुणालाच सांगितलं नव्हतं?’

‘पुण्याला कॉलेजात होतो तेव्हा ती एकदा मला भेटायला आली. वसतिगृहाच्या फाटकाशी उभी राहून विचारत होती, पल्लाद काये कुठी रायते म्हणून. मुलं जमली. “काये?” असं एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, “काय हे?” त्यानंतर शिक्षण संपेपर्यंत माझं नाव तेच होतं. काय हे. वर्गात मी उत्तर द्यायला उठलो की मागून कुणीतरी म्हणायचं. मी तिला सांगितलं, पुन्हा येऊ नको. मी येत जाईन. आणि इकडे सगळ्यांना सांगितलं की आई नाही.’

त्यांनी समोरचे पेपर बाजूला सारले.

‘बोलणं असं घासलं मी, की झोपेतसुद्धा चूक होऊ नये. सुनीत लिहितो ते त्या घासलेल्या भाषेत. गझलही. यमक कुठे चुकत नाही. ती गेल्यावर ओव्या यायला लागल्या. त्या माझ्या आहेत, बाई. तिला वेळ असता तर तिनं काय म्हटलं असतं, ते मी रचलं. रचताना कानात जुळायचं सगळं. कागदावर हात आपोआप ळ लिहायचा. लिहिलेलं वाचलं की मोडलेलं दिसायचं. मोठ्यानं म्हटलं की पुन्हा जुळायचं. पण म्हणणार कुठे?’

‘आत्ता म्हणा,’ मी म्हणाले.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग मान खाली ठेवूनच म्हणायला लागले.

‘लिंबाच्या फांदीले, टांगली म्या झोयी. धुऱ्याच्या वाटेले, नाई पानपोई. लेकराच्या हाती, देल्ली आंब्याची कोयी. निज राजा.’

आकाशवाणीचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. हा आवाज जाड होता आणि वयानं लहान होता.

वर पाहिलं तर शरयूताई ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. किती वेळ होत्या, कोण जाणे. सरांनी त्यांना पाहिलं आणि उभे राहिले.

ताईंनी ट्रे टेबलावर ठेवला. ‘झोपेत तुम्ही असंच बोलता,’ त्या म्हणाल्या. ‘कुठी चालली वं, म्हणता. थांब ना वं, म्हणता. लग्न झाल्यापासून ऐकतेय. मला वाटायचं, तिकडे कुणी बाई आहे. सुट्टीत तुम्ही एकटे जायचात ना, त्यामुळे.’

‘कधी विचारलं नाहीस.’

‘उत्तर काय येईल याची भीती होती.’ त्यांनी पदरानं हात पुसले. ‘नाव काय होतं त्यांचं?’

‘चंद्रभागा.’

‘मी येऊन भेटले असते की हो त्यांना,’ ताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. सर पुन्हा खाली बसले आणि तोंडावर हात घेऊन रडले. मी तिथून निघाले. चहा तसाच राहिला.

नानांच्या कचेरीत ते आठवड्याच्या आत स्वतः आले. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. परचुरेही होते. सरांनी गावाचं नाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं, खोटी रजा सांगितली, आणि एकामागून एक ओव्या तशाच म्हटल्या, जशा त्या रचल्या होत्या. परचुरे डोळे मिटून ऐकत होते. बोटांवर यमकं मोजत होते, ती त्यांची सवयच होती. शेवटी डोळे उघडून म्हणाले, ‘एकही सुटत नाही.’

नानांनी सुटकेचा श्वास टाकला. पण परचुऱ्यांचं झालं नव्हतं.

‘मी तुम्हाला चोर म्हणालो होतो, ते मागे घेतो. ओव्या तुमच्याच आहेत. पण काळे, ज्या बाईच्या तोंडी तुम्ही त्या घातल्या, तिच्या तोंडचा य काढून तुमचा ळ का बसवलात? ओवी तिची आणि उच्चार सदाशिव पेठेचा? छापायच्या तर तिच्या बोलीत छापा. नाहीतर मी अजूनही विरुद्ध लिहीन, कारण वेगळं असेल एवढंच.’

‘वाचक हसतील,’ सर म्हणाले.

‘हसू देत,’ परचुरे म्हणाले. ‘यमक तरी जुळेल.’

सरांनी गठ्ठा घरी नेला. परत आला तेव्हा ओव्यांच्या भागातली सगळी पानं नव्यानं लिहिलेली होती, आणि त्यात बऱ्याच नव्या ओव्याही होत्या. पुस्तक त्या हिवाळ्यात आलं. सांगलीत समारंभ करू, असं नाना म्हणाले, तर सर म्हणाले, दारव्ह्याला करू. नाना प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. मी गेले. शरयूताई होत्याच.

शाळेच्या पटांगणात सतरंज्या घातल्या होत्या. पुढे सरांच्या गावच्या बाया बसल्या होत्या, कापूस वेचून सरळ आलेल्या. ओचे अजून कमरेला खोचलेले. गझल झाली, सुनीत झालं, टाळ्या पडल्या, पण बाया आपसात बोलत होत्या. मग सरांनी पुस्तकातलं शेवटचं पान काढलं आणि नव्या ओव्यांमधली एक म्हणायला घेतली.

‘लेकाच्या वाटेले, लागले वं डोये...’

बाया गप्प झाल्या.

‘तिया-गुयाचे, वयले म्या गोये...’

तिळाचे आणि गुळाचे वळलेले गोळे.

‘पाव्हन्याच्या हाती, धाडले म्या...’

सर थांबले. गझलेच्या काफियापूर्वी थांबत तसे नव्हे. त्यांचा आवाजच पुढे जाईना. शरयूताई उठायला लागल्या. तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरून चार-पाच बाया एकदमच म्हणाल्या, ‘पोये.’

शब्द तोच होता. पोहे. कुणी पुस्तक वाचलेलं नव्हतं. डोये आणि गोये झाल्यावर तिसरं काय येणार, ते त्यांच्या कानाला आपसूक कळलं होतं.

सर त्यांच्याकडे पाहत राहिले. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, ‘मंग? भेटले का पोराले पोये?’

‘भेटले ना, माय,’ सर म्हणाले.

‘खाल्ले का?’

‘नाई. पोट्टे हासतीन म्हनून फेकून देल्ले.’

म्हातारीनं ओचा सारखा केला.

‘बरं,’ ती म्हणाली. ‘वाच आता पुढं.’